घरामागची अँबॅसिडर

रविवार, २ फेब्रुवारी

नाय, इकली नाय अजून. इकणार का, ते मलाच ठाव नाय! शेजारची गीता रोज कुंपणावरनं तोच सवाल करते. बोलले, "तुला पायजे का? आतल्या कोंबड्या फुकट देते."

पण मनाला बरं नाय. घरामागं ह्यांची अँबॅसिडर गंजते. हे गेले तवापास्नं जागची हलली नाय. वैशाखऱ्यापास्नं मुरबाडपर्यंतच्या नवऱ्या तिनंच सासरी गेल्या. आता माझी नात हर्षाली — तिचं लगीन एप्रिलात. काल फोनवर, "आजी, मी आजोबांच्याच गाडीतनं जाणार!" आणि तिचा बाप, माझा स्वरूप, बोलतो भंगारवाला बोलावलाय. परवा मागल्या सीटखाली साप निघाला, अंडी खायला आलेला. पोराचं पण खोटं नाय.

दोघांना "बघते" बोलले. काय बघू?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मुरबाडवरनं लडकू मेस्त्री आला. गाडीखाली घुसला, स्क्रूड्रायव्हर दाबला — आरपार!

"काकी, इंजिन उठंल. पण खालचा पत्रा पापड झालाय. नवरी बसली तर पाय रस्त्याला लागतील."

"बरंय की. चालत जाईल, पेट्रोल वाचंल."

हसला. मग हळूच बोलला, "पत्रा सगळा कापावा लागंल. दारं पण. मग काकांची गाडी ती राहिली कुठं? उगा आठवण म्हणून जीव नका अडकवू."

रातचं ताट तसंच कोंबड्यांना घातलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

साप दिसला नाय. भ्या मात्र हाय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गीता आली ती सरळ गाडीचं दार उघडून आतच बसली! संगं तिची नणंद रुपा.

"मी शहापुरास्नं ह्याच गाडीतनं आले गो. किन्हवलीच्या वळणावर ओकले, तर भावजींनी गाडी थांबवून लिंबू दिलं." डोळे पुसत होती येडी. रुपा बोलली, मी पण हिच्यातनंच गेले. सगळ्याच!

गीतानं इचारलं, "तू कुठं बसायचीस गो? पुढं?"

"मी? मांडीवर! गाडी कशी चालवायचे देव जाणे."

दोघी हसून लोळल्या. मी पण हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. लय येळ.

शनिवार, ८ फेब्रुवारी

भंगारवाला टेम्पो घेऊन आला. दोर बांधला, ओढली. खालनं भुसा सांडावा तसा गंज सांडला. मीच ओरडले — सोड, सोड तो दोर!

स्वरूप तापला. "आई, पोरं खेळतात तिथं! बाबा काय आता येऊन चालवणारेत?"

"आले तर पयलं तूच पळशील."

हसला नाय. "सोमवारी हो नायतर नाय सांग. 'बघते' नको."

बरोबर हाय त्याचं. कुणाच्या पोराला साप चावला तर मी कुठं तोंड दाखवू? आणि आज गाडी गेली, तर... नाय. लिवत नाय.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगितलं! भंगारात नाय, दुरुस्तीला. लडकूनं गाडी टेम्पोत चढवून गॅरेजला नेली. जागा मोकळी झाली, स्वरूपच्या कपाळावरची आठी पण जरा सुटली. कोंबड्या खुळ्यासारख्या फिरतात.

निघताना लडकू बोलला, "काकी, परत इचारतो. काकांची गाडी नाय राहणार ही."

"नाय राहिली तर नाय. रस्त्याला पाय लागू देऊ नको म्हंजे झालं."

"एवढं कुणासाठी?"

"हर्षालीसाठी रे. पोरीचा हट्ट."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हर्षालीसाठी नाय, माझ्यासाठी.

एवढी वरसं गाडी दारात होती. हे कधी "बस" बोलले नाय, मी कधी मागितलं नाय. आठवण म्हणे! मांडीवर कसली, मी त्या गाडीत एकदा पण बसले नाय.