माझ्या आतड्यांचे सत्तावीस फोटो

३ ऑक्टोबर १९९५, डोंबिवली
संकल्प: यापुढे पोटाचा एकही एक्स-रे नाही. आतड्याच्या सुजेपायी नऊ वर्षांत सहा वेळा ते खडूच्या पाण्यासारखं बेरियम प्यायलो. किरणं अंगात साठत असणार. भीती वाटते. ठाण्याचे नवे डॉक्टर म्हणाले, जुन्या फिल्म आणा. त्यावरून कळलं तर नवा फोटो नको. एवढंच ना? माझ्याइतका टापटीप पेशंट त्यांना मिळायचा नाही.

५ ऑक्टोबर
सत्तावीस फिल्म. तारखेवार लावल्या. कलावती म्हणाली, माझ्या ट्रंकेत ठेवा. बायकोला उगाच धास्ती. पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगली.

१२ ऑक्टोबर
पथ्य सुरू. फक्त ताकभात.
संध्याकाळी कारखाना सुटल्यावर वागळे इस्टेटच्या गेटवर वडापाव. एकच.

१३ ऑक्टोबर
रजा. दिवसभर संडासात. या घरात माझी खोली तीच. कलावती दर अर्ध्या तासाने विचारते, आहात ना?

२२ ऑक्टोबर
परवा सूर्यग्रहण. शेजारचा गोपीनाथ फिल्म मागायला आला, ग्रहण बघायला. मग अख्खी बिल्डिंग. नाही कसं म्हणणार? इथे सायन्स कळणारा मी एकटा. डॉक्टर पांढरं आतडं बघणार. काळ्या कडा कापून दिल्या तर काय बिघडतं?

२३ ऑक्टोबर
कडा अपुऱ्या पडल्या. बाकीचंही दिलं. परत द्यायच्या अटीवर. सगळे हो म्हणाले.
फराळ: करंज्या दोन. फार तर पाच.

२४ ऑक्टोबर, सकाळी ८.३०
गच्चीवर तीस माणसं माझ्या आतड्यांतून सूर्य बघताहेत. मी संडासात. झरोक्यातला उजेड मंदावला, तेवढंच माझं ग्रहण.

दुपारी १२
वसुलीला निघालो. तळमजल्याच्या हौसाबाई म्हणाल्या, ग्रहण लागलेली वस्तू घरात ठेवतात का? ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून त्यांनी दारोदार फिरून सगळ्या फिल्म गोळा केल्या नि खाडीत सोडल्या. वर मलाच म्हणाल्या, तुमचीही पीडा गेली. गोपीनाथकडे एक तुकडा उरलाय. काळजी नाही. जाणत्याला तुकडा पुरतो.

३० ऑक्टोबर, ठाणे
डॉक्टरांनी तुकडा उजेडावर धरला. म्हणाले, हे कमरेचं हाड आहे. सगळं नव्याने काढू.
मी विचारलं, किरणं थोडी कमी करता येतील का? म्हणाले, जुन्या फिल्म असत्या तर आली असती.

३१ ऑक्टोबर
सातवं बेरियम प्यायलो. टेबल गार. श्वास रोखा म्हणाले नि सगळे दार लावून बाहेर गेले. कलावतीलाही नेलं. आत मी एकटा. श्वास रोखून पडलो, नऊ वेळा.
नऊ फिल्म निघाल्या. मी हात पुढे केला. कलावतीने त्या घेतल्या, पदराखाली धरल्या नि घरी येऊन ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली मागितली. दिली नाही.