पाटी लोकांसाठी असते

प्रिय टिंगू,

तू पाठवलेला स्वेटर दोन आठवड्यांपूर्वीच मिळाला. माप अगदी बरोबर. सोबतची चिठ्ठीही वाचली, दोनदा. 'मावशी, तू होतीस म्हणून आईचं शेवटचं वर्ष निभावलं. घरात एक तरी शहाणं माणूस होतं.' स्वेटर अजून पिशवीतच आहे. अंगात घालायला मन धजत नाही. का, ते फोनवर सांगायचं मी दोन रविवार ठरवत होते, पण तुझा आवाज ऐकला की 'जेवलीस का' याच्यापुढे गाडी जातच नाही. म्हणून लिहायला बसले. सरळ मुद्द्यावर येणं मला आयुष्यात कधी जमलं नाही, तेव्हा थोडं सोसून घे.

दुकान चालू आहे. समोरचा रस्ता खोदून ठेवलाय, त्यामुळे औषध न्यायला येणारी माणसं फळीवरून तोल सावरत येतात. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरचा शिंपी आला. बोट इस्त्रीनं भाजलेलं आणि त्यावर टूथपेस्टचा हा एवढा थर. नळाखाली बोट धरायला लावलं तर म्हणतो, पाण्यानं फोड येतो ताई. म्हटलं, फोड भाजल्यानं येतो, पाण्यानं नाही. आणि टूथपेस्ट दातांना लावा. एका आजीबाईंनी नातवाच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सुनेला सर्दीवर दिल्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून. तू लहानपणी काउंटरखाली बसून अशा बायकांच्या नकला करायचीस आणि तुझी आई तोंडावर हात दाबून हसायची. मीही हसायचे. आता नाही हसवत. त्यांना निदान माहीत तरी नसतं.

दुकानाबाहेरची काळी पाटी तुझ्या आईनंच सुरू करायला लावली. दिवसभर एकेकाला तेच तेच सांगत बसतेस, त्यापेक्षा लिहून ठेव, म्हणाली. डावीकडे 'लोक म्हणतात', उजवीकडे 'खरं काय'. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मी सांगायचे आणि ती लिहायची, दर सोमवारी नवीन. एका सोमवारी तिनं लिहिलं, 'लोक म्हणतात: गाठ दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही. खरं काय: न दुखणारी गाठसुद्धा लगेच डॉक्टरांना दाखवा.' लिहून झालं, हात झटकले, काउंटरच्या आत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला एक आहे. डाव्या बाजूला, छातीत. दुखत नाही."

दुकानात चार माणसं उभी होती. गर्दी होती, हे कारण मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. खोटं आहे ते. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात डॉक्टरकडे पिटाळलं असतं. पण ती माझी धाकटी. तिला काही झालेलं असूच नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. म्हणाले, "दुखत नाही ना? मग सोड. या वयात होतं, हार्मोनचं असतं." तिनं बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "अगं, पण आत्ताच तर आपण..." मी म्हणाले, "वेडे, पाटी लोकांसाठी असते." आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांची एक स्ट्रिप तिच्या हातात ठेवली, महिनाभर घे म्हणून. ती हसली गं. सुटल्यासारखी हसली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रस्त्यापलीकडे, चाळीस पावलांवर. तिला हाताला धरून नेलं असतं तर दुकान फार तर तासभर बंद राहिलं असतं.

पुढे अकरा महिने तिनं विषय काढला नाही. ताई म्हणाली ना, मग झालं. मीही काढला नाही. ती जिना चढताना दमली की मी दुसरीकडे बघायचे. मग तिथली कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा कुठे आम्ही ती चाळीस पावलं चाललो.

यापुढचं तुला माहीत आहे, निदान तुला तसं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासायला सांगितलं आणि तुझे बाबा घाबरले. ते चालवतात त्या शाळेच्या बसवरच्या कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की सुई लावली की गाठ पसरते. "थोडं थांबू या का?" एवढंच म्हणाले ते. त्यावर मी केवढी तुटून पडले! अडाणी म्हणाले, बायकोच्या जिवावर उठलात म्हणाले. तू फोनवर होतीस, सगळं ऐकलंस. मला माझ्यापेक्षा मोठा गुन्हेगार सापडला होता, म्हणून एवढा आवाज चढला, हे मला तेव्हाही आतून कळत होतं. त्यात पंधरा दिवस गेले, मग तपासणी झाली.

ती गेली त्या दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात तू त्यांना म्हणालीस, "तुमच्या अडाणीपणानं आई गेली." मी दोन पायऱ्या वर उभी होते, तिच्या चपलांची पिशवी हातात घेऊन. त्यांनी मान हलवली, हो म्हटल्यासारखी. मी तोंड उघडलं नाही. तू परत गेलीस. त्यांचा फोन घेत नाहीस, मला मात्र दर रविवारी सकाळी न चुकता करतेस. आणि मी तो घेते, टिंगू.

आता तुला ठाऊक नसलेलं. मोठ्या डॉक्टरांनी आमच्यासमोर स्पष्ट सांगितलं होतं की सुईनं काही पसरत नाही, आणि त्या पंधरा दिवसांनी काही फरक पडला नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं. "कोणाला विचारलं नव्हतंत का?" असं त्यांनी तिला विचारलं. तुझे बाबा खाली गाडी लावायला गेले होते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच आळस केला," म्हणाली. बाहेर आल्यावर मी बोलू लागले तर माझा हात दाबून म्हणाली, "राहू दे ताई. आता तुझ्यावाचून माझं कोण करणार?" मी राहू दिलं. मला ते सोयीचं होतं.

हे सगळं आज का उकरते आहे, तर तुझ्या बाबांनी तीन महिने बीपीच्या गोळ्या नेलेल्या नाहीत. त्या ते माझ्याकडूनच नेतात, म्हणून मला कळलं. गुरुवारी त्यांना हाक मारून आत बसवलं, दंडाला मशीनचा पट्टा बांधला, आणि आकडा एवढा चढलेला की पुन्हा मोजून बघितला. म्हणाले, "मला काही त्रास नाही. झाला तर झाला. एकीला मारून बसलोय, आता आपली कसली काळजी?" त्यांच्या पाठीमागे बसमध्ये चाळीस पोरं बसलेली असतात गं. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पाटी, गोळ्या, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही फार चांगल्या आहात. मला बरं वाटावं म्हणून एवढं स्वतःवर घेताय." आणि गोळ्या काउंटरवर तशाच ठेवून गेले. तीस वर्षं लोकांना खरं-खोटं समजावत आले, आणि माझं हे एक खरं मला त्यांच्या गळी उतरवता आलं नाही. सोमवारी मी शाळेत जाऊन सांगणार आहे की त्यांना काही दिवस बसवर बसवू नका. या वेळी गप्प बसणार नाही. पण बसही काढून घेतली की त्यांच्याजवळ काय उरतं? तुझं ते ऐकतील. तो दोष त्यांना तुझ्या तोंडून मिळालाय, तो तूच परत घेऊ शकतेस. मला माफ कर असं म्हणत नाही, ते मागायचं तोंड नाही मला. फक्त स्वतःला कधी काही जाणवलं तर मला विचारू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. आणि एक, जे तुला कधी सांगितलं नाही. रविवारी तुझा फोन यायच्या वेळेला ते दुकानात येऊन बाकावर बसतात. काही घेत नाहीत, काही विचारत नाहीत. माझ्या कानाशी तुझा आवाज जेवढा बाहेर येतो तेवढा ऐकतात आणि उठून जातात. या रविवारी मला फोन करू नकोस. त्यांना कर.

म्हणवून घ्यायची लायकी उरली नाही, तरी तुझीच,
मावशी