चालत्या गाडीची चाकं

अप्पा, तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज भरदुपारी चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बाथरूमची कडी लावून स्वतःची मान चाचपून आलेय. सकाळपासून कितव्यांदा ते विचारू नका. मागच्या वर्षी गळ्यात गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, औषधं झाली. परवा डॉक्टरीणबाईंनी मान दाबून पाहिली, "परवाइल्ले मा, काही नाही, आता तीन महिन्यांनी या," म्हणाल्या. रिक्षात बसेपर्यंत बरं वाटलं. पहिल्याच सिग्नलला हात परत मानेवर. मेला हात ऐकतच नाही! पुन्हा आली असेल तर? बाईंच्या बोटांना कळलीच नसेल तर?

मद्रासच्या स्टेशनवर तुमचं काम काय, तर गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. मे महिन्यात आपण सोलापूरला निघालोय, तुम्ही रजेवर असूनही ड्युटीवरच्या माणसाची हातोडी मागून आपल्या डब्याची चाकं वाजवून आलाय, आणि मी मागे लागलेय, अजून एकदा बघा ना, अप्पा, एकदाच. गाडी हलली तरी माझं टुमणं चालूच. तेव्हा तुम्ही खेकसलात, "एकदा नीट ऐकलं ना? मग संपलं! चालत्या गाडीची चाकं कोण ठोकतं गं?" अरकोणम येईपर्यंत मी रुसून बसले होते.

हेच मी आता मानेला सांगते, पण तुमच्यासारखं खेकसता येत नाही. हे म्हणतात, विचार करू नकोस, पॉझिटिव्ह राहा. शेजारची मामी म्हणते, किती धीराची गं तू! सगळे असे शूर झालेत की घाबरायला मला घरात जागाच उरलेली नाही. हॉस्पिटलात मनाचं बोलून घ्यायला एक मुलगी बसते. तिनं विचारलं, "भीती वाटली की कुणाला सांगता?" मी पटकन म्हणाले, "अप्पांना." तिला बरं वाटलं. कुठे असतात, म्हणाली. काय सांगणार, डोंबल!

पण तुम्ही सांगायचात. एकदा एक चाक खरंच बद्द वाजलं, डबा काढावा लागला. त्या दिवशी घरी आलात, आईनं कॉफी दिली, आणि कप हातात राहीना. "आज घाबरलो गं," म्हणालात, आमच्यादेखत. आईनं धीर दिला नाही की उपदेश केला नाही. नुसती बशी धरली. तुम्ही प्यायलात आणि घोरायला लागलात.

तुम्हाला सांगणं सोपं आहे, अप्पा, तुम्ही आता घाबरणार नाही. यांना सांगायचं तर तोंड उघडत नाही. मघाशी, इतका वेळ आत काय करतेस, म्हणून विचारलं, तर मी पोट बिघडल्याची थाप मारली. आता कॉफी झाली की सांगायचंच, असं ठरवून हे लिहीत बसलेय.

आली कॉफी. यांनी कप ठेवला तो अर्धा बशीत सांडला. हात थरथरतोय यांचा, अप्पा. वर्षभर मी माझीच मान चाचपत बसले, यांचा हात कधी पाहिलाच नाही. पत्र राहू दे. बशी धरते मी.