बाबांच्या गोळ्या आणि माझा डबा

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. हे पत्र बरेच दिवस टाळलं. आज लिहू, उद्या लिहू करत गावातले सगळे पूल बघून आलो. (एकाखाली नदीच नाही. असो.) वहिनीचं पित्त कसं आहे? बदलीचं गाव मानवलं का? मानवलंच असेल, तुला सगळंच मानवतं.

इथे बाबांचं बरं नाही. पहिल्या खेपेच्या गोळ्यांनी थोडे दिवस बरे गेले आणि आता पुन्हा जुलाब. अँटिबायोटिक दिलं की जुलाबाचा जंतू दबतो आणि थांबवलं की उलटतो. पोटातले चांगले जंतू मेलेत, ते निरोगी माणसाच्या शौचातून परत पेरायचे, हे डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. नमुना आधी तुझाच घेतला होता. नापास झाला. (शिंक आली की अँटिबायोटिक घेणाऱ्याच्या पोटात काय उरणार, असं बाई म्हणाल्या. मी हसलो नाही. बाहेर येऊन हसलो.) आणि तीन कॉलेजं सोडलेला, मिळेल ते खाऊन मिळेल तिथे झोपलेला मी पास! जन्मात एकदा पास झालो, तर तेही यात.

तू बाबांना सांगितलंस, ‘नमुना माझाच आहे.’ मलाही तेव्हा पटलं. मी घर सोडलं तेव्हा ‘तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको’ म्हणालेला माणूस माझं हे कशाला घेईल? घेतलं. तुझ्या नावानं, निमूट गिळलं. वर आत्याला म्हणाले, “थोरल्याचं सगळंच चोख असतं गं!” मी दाराआड उभा होतो. माझं म्हणावं असं एवढंच निघालं, तेही तुझ्या खात्यावर.

बाई आता पद्धत सुधारतायत. पूर्वी नळीनं सोडायचे, मग त्याच्याच गोठवलेल्या गोळ्या आल्या. आता एकदम भरपूर देण्याऐवजी एकाच माणसाचं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं. म्हणजे माझा रोजचा डबा. परवा दवाखान्याच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं. म्हणे, उघड. उघडला. तेव्हापासून सलाम ठोकतो, पण लांबून.

एवढं करून गोळ्या आत्याच्या फ्रीजमध्ये पडून आहेत. बाबा विचारतात, “थोरला तर परगावी, मग हे कुणाचं?” कुणी बोलत नाही, ते घेत नाहीत. बाई म्हणतात, आणखी उशीर झाला तर आतडं कापावं लागेल.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझा (निदान पोटानं तरी गुणी) धाकटा

ता. क. वरचं राहू दे. एक दिवस ये. डबा मी भरीन, तू तो त्यांच्यासमोर हातात धरून नुसता उभा राहा. नाव तुझंच राहिलं तरी चालेल.

आणखी ता. क. येऊ नकोस. माझ्या खोलीचं दार वाजलं म्हणून उघडलं तर बाबा. आत्याच्या तोंडी तीळ भिजत नाही. तीन जिने चढून आलेत, कठडा धरून धापा टाकतायत. मग जमिनीकडे बघत विचारलं, “आज झाली का रे नीट?”