काट्यावर उतरू नकोस

शोटो, मोंटाना
९ जून

चि. अर्लिस हिस वेन्डेलदादाचे अनेक आशीर्वाद.

बातमी अशी, की मी पिकअपच्या पाठीवर बसवायचा कॅम्पर घेतला, प्रवासातली खोलीच म्हण! नीड्रा आनंदात आहे. तुझ्या वहिनीने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. डॉक्टर म्हणाले, बर्फ पडायच्या आत जाऊन या, पुढच्या उन्हाळ्याचं मी काही बोलत नाही. आतल्या चिमुकल्या न्हाणीवर ती खूश आहे. समुद्रात डुंबून आले की ऊन पाण्याने अंग धुणार, म्हणते.

काळजी करू नकोस. माहितीपत्रकातलं कॅम्परचं वजन पाहिलं. गाडी किती भार पेलेल ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्याच्या आतच आहे. जुलैत निघतो. माया कमी करू नकोस.

तुझा दादा


टिलामूक, ओरेगन
१८ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीसाठी खिडकीजवळ खाट टाकून ठेवलीय. पण दादा, माहितीपत्रकावर विश्वास? अरे, ते रिकाम्या खोक्याचं वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, वहिनीचे प्राणवायूचे सिलिंडर नाहीत, तिचं श्वासाचं यंत्र नाही, की तुझी सतरा हत्यारं नाहीत. आमच्या ड्वेनने तीस वर्षं ट्रकमधून लाकडाचे ओंडके वाहिले. तो म्हणतो, गाडी चढ चढते कशीही, उतारावर खरं कळतं. सगळं भरून गाडी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर घाल. तोवर घाटात पाऊल टाकायचं नाही, वहिनीची शपथ.

तुझी भांडखोर बहीण, तरी लाडकी,
अर्लिस


शोटो
२ जुलै

चि. अर्लिस हिस अनेक आशीर्वाद.

घातला काट्यावर! घे, झालं तुझं समाधान? पाण्याची टाकी तेवढी रिकामी ठेवली, तिकडे आल्यावर भरू. बाकी सिलिंडर, यंत्र, त्याचं जनित्र, सगळं चढवलं. वजन मर्यादेच्या आत, उलट दोनशे पौंड शिल्लक. गव्हाचा ट्रक घालतो तसा व्यवस्थित उभा केला, मी खाली उतरलो, नीड्राला रस्टीच्या खोलीत कॉफी प्यायला बसवलं. रस्टी आपला काटेवाला, त्याने तिला डोनटही दिलं. सोमवारी निघतो.

दादा


टिलामूक
८ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

सोमवारी निघू नकोस म्हणून फोनवर ओरडले, तरी लिहून पाठवते, म्हणजे विसरणार नाहीस. अरे शहाण्या, गहू विकताना माणूस उतरतो, कारण माणूस विकायचा नसतो! तुम्ही दोघं काय गाडीमागून पळत येणार आहात? परत जा, वहिनीला शेजारी बसव आणि मग आकडा सांग.

रागावू नकोस रे. तुम्ही दोघं धड पोचावंत एवढंच मागते.

अर्लिस


शोटो
६ ऑगस्ट

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

तुमचे भाऊ तोंड फुगवून बसलेत, म्हणून मीच लिहिते. आम्ही दोघं बसून काट्यावर गेलो. मेलं जास्त भरलं! जास्त किती, तर जवळजवळ माझ्याएवढंच. मी म्हटलं, सोपं आहे, मी राहते घरी, तुम्ही या समुद्र बघून. यांना हसूच आलं नाही. मग मी माझं शिवणयंत्र काढलं, गोधडी काढली, जॅमच्या बाटल्या काढल्या. तरी काटा हलेना. सिलिंडर काढता येत नाहीत, नाहीतर तेही काढले असते.

शेजारच्या कॉर्विनचा जोडचाकांचा, जास्त भार पेलणारा मोठा ट्रक आहे, सुगी संपली की देतो म्हणालाय. थांबते. समुद्र काही आटत नाही. एवढं मात्र सांगा, पाणी फार गार असतं का हो? मी थेट गुडघ्यापर्यंत जाणार आहे.

तुमची नीड्रावहिनी


शोटो
२१ सप्टेंबर

चि. अर्लिस हिस आशीर्वाद.

तू दफनभूमीतून परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. पावसाने सुगी लांबली, तुला ठाऊकच आहे. काल कॉर्विनची कापणी संपली. ट्रक घेऊन दारात आला, किल्ली हातात धरून नुसता उभा राहिला. मला म्हणाला, वेन्डेल, मला उशीर झाला रे. मोठा गडी, पण ढसाढसा रडला.

खोटं कशाला बोलू, महिनाभर तुझ्यावर राग होता. तुझं ऐकलं नसतं तर तिचे पाय भिजले असते, हेच डोक्यात. उतारावर ब्रेक गेले असते तर काय, तेही कळतं. कळून काय करू गं? तुझी चूक नाही. माझीही नाही म्हणतात. मग हे एवढं दुखतं का?

कॉर्विनचा ट्रक लागणार नाही. सिलिंडर परत नेले, यंत्र गेलं, जनित्र गेलं. आज सकाळी पाण्याची टाकीही काठोकाठ भरली. तिच्या न्हाणीची. अर्धी राख इथे तुझ्यासमोरच पुरली, अर्धी घेऊन निघतोय, गुडघ्यापर्यंत तरी मीच नेतो तिला.

रस्टीकडे काट्यावर गेलो. वजन बसलं. शेजारच्या जागेवर तिच्या राखेची पेटी होती, पट्टा लावलेली. रस्टी सवयीने म्हणाला, उतर खाली. मी उतरलो नाही, आणि तिलाही उतरवलं नाही.

रविवारी पोचतो. खिडकीजवळची खाट काढू नकोस.

तुझा दादा