पिवळं पाणी

मंगळवार, ६ मे १९८६
ह्यांचे डोळे पिवळे! दाढी करताना स्वतःच ओरडले, "सुलू, आरसा खराब झालाय गं." आरसा कसला, कावीळ! चाळीतली ही पाचवी. डॉक्टर म्हणाले, गटाराचं पाणी नळात मिसळतंय. पाणी उकळून प्या, तेलकट बंद, पूर्ण आराम.
सासूबाईंचं म्हणणं, "चाळीस वर्सा ह्याच नळाचा पाणी पितंव आमी. काय झाला?"

बुधवार, ७ मे
दिवसभर स्टोव्ह आणि पातेलं. शेजारचे दत्ताराम भावोजी दारातून म्हणाले, "वहिनी, पाण्याला फोडणी घातली की नाही?" म्हटलं, तेल बंद आहे!

गुरुवार, ८ मे
ह्यांच्या उशीखाली वेफर्स सापडले. जप्त. (मीच खाल्ले. झकास होते.)

रविवार, ११ मे
सासूबाईंनी भांडुपहून कावीळ उतरवणारा बुवा आणला. अर्धी चाळ आमच्या खोलीत. बुवाने ह्यांच्या तळहातांवर कसलीशी पूड टाकली, वर चुन्याचं पाणी ओतलं — परातीत पाणी पिवळंधमक! "उतरली!" बुवा गरजला. सासूबाईंनी हात जोडले.
मला राहवेना. म्हटलं, "बुवा, आता माझे हात धुवा." धुतले. पिवळंधमक! मी ऐटीत सगळ्यांकडे बघितलं. मला काही झालेलं नाही, तरी पाणी पिवळं! आता तरी कळेल?
सासूबाई किंचाळल्या, "अगो बाय माझे! हिका पण झाली!"
वाट लागली! दोन मिनिटांत मला ह्यांच्या शेजारी आडवं केलं. हे खुशीत. "ये ये, जागा आहे."
पडल्या पडल्याच म्हटलं, "दत्ताराम भावोजी, तुम्ही धुवा बघू." पिवळं. "आता सासूबाई." पिवळं! "आणि आता बुवा, तुम्ही स्वतः!"
बुवाला एकदम घाई आठवली. चपला सोडून पळाला! चाळ हसून हसून लोळली. एकट्या सासूबाई हसल्या नाहीत. रुसल्या असतील.

सोमवार, १९ मे
ह्यांचे डोळे निवळले. डॉक्टर खूश. आज भावोजी हळूच विचारून गेले, "वहिनी, पाणी किती वेळ उकळायचं हो?" फोडणीचं काही बोलले नाहीत.
सासूबाई आठवडाभर गप्पच. मी माफी मागितली, तरी मान फिरवली.

मंगळवार, २० मे
संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाई आपणहून बोलल्या. "तुझ्या सासऱ्याची पण अशीच हात धुवन कावीळ उतरवलेली. मीच बुवा बोलावन हाडललंय. पाणी पिवळा झाला. माका वाटला, उतरली. पाचव्या दिसाक ते गेले."
त्यांनी जुडी बाजूला ठेवली.
"पलीकडच्या मालनचे डोळे माका पिवळे दिसतत. उद्या तिका डाक्टराकडे मी घेऊन जातंय. तू येव नको."