शेजारची खुर्ची

मोंबासा, शनिवार, ४ मार्च २०२३, सकाळी साडेसहा. अकेयो झोपली आहे, मी चुलीवर चहा ठेवून लिहितो आहे.

ती. ओबुयादादा यांस, सिलासचा सा. न. वि. वि.

फोन केला की सासूबाईच उचलतात आणि जावयाने काय बोलावे ते मला सुचत नाही, म्हणून रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे पत्र देतो. तुमच्या बहिणीला डॉक्टरांनी पुढचा आठवडा सांगितला आहे. पहिली खेप; आईशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणते. बसचे सोळा तास सासूबाईंच्या पायांना झेपायचे नाहीत. मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, किसुमू ते मोंबासा सरळ रेषेत सातशे किलोमीटर भरते. विमानाला किती वेळ लागतो ते तिघांना विचारले. तिघेही सव्वा तास म्हणाले. शुक्रवारची दोन तिकिटे काढली. मी स्वतः न्यायला येतो. खिडकी त्यांना, शेजारची खुर्ची मला. विमान हलले तर हात धरायला कोणी हवे. राहायला शेजारणीकडची खोली ठरवली आहे.

आपला लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.
सिलास

किसुमू, ६ मार्च

चि. सिलास यास, ओबुयाचे अ. उ. आ.

अरे शहाण्या, सासूने जावयाच्या छपराखाली झोपायचे नसते हे तुला आठवले, आणि तिच्या मांडीला मांडी लावून आभाळात बसायला निघालास? वर हातही धरणार! पत्र वाचून दाखवले तर आई पदराने तोंड झाकून बसली. मग म्हणाली की पायांचे भोपळे झाले तरी चालतील, मी बसनेच जाईन. बायको मात्र पोट धरून हसते आहे. जागा बदल, नाहीतर आई घराबाहेर पडणार नाही.

अकेयोला जप. रागावलो नाही, एवढे समज.
ओबुया

मोंबासा, १२ मार्च

ती. दादांस सा. न. वि. वि.

सासूबाईंना तिसरी रांग आणि मला शेवटची, अशी जागा बदलून घेतली. तरी घोटाळा झालाच. त्यांच्या शेजारच्या एका भल्या मास्तरांना कळले की आम्ही एकत्र आहोत. ते उठले आणि मायलेकांनी जवळ बसावे म्हणून मला ओढू लागले. सासूबाई टोपली घेऊन मागे पळाल्या! शेवटी आपल्याकडच्या एका म्हातारीने खडसावले की जावई आहे तो, मुलगा नव्हे, सोडा त्याला. सगळे विमान हसले. मग तीच त्यांच्याजवळ बसली. सव्वा तास दोघींची बडबड चालू होती. मला फक्त त्यांच्या डोक्यावरच्या फडक्याचे टोक दिसत होते.

काल पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. आई उशाशी होती म्हणून अकेयो घाबरली नाही. नर्सने बाळ आधी माझ्याकडे दिले. सासूबाईंच्या हातात कसे द्यावे? मी ते खाटेवर ठेवले, दोन पावले मागे सरलो, मग त्यांनी उचलले. माझ्याकडे न बघता त्या बाळाला म्हणाल्या की तुझ्या बापाला सांग, तोंड सुकले आहे त्याचे, कालपासून उपाशी दिसतो. आधी जेवून ये म्हणावे, मी आहे इथे.

मी जेवून आलो.

सिलास